रक्त कोणाचं, आणि रक्तात काय?



संयोजकांनी मला दिलेला विषय पत्रिकेवर छापला आहे : ‘मानवी रक्त : घटक आणि कार्ये’. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा विषय का दिला, असं तुम्हांला वाटलं असेल. मलाही वाटलं. रक्ताच्या विकारांविषयी काही विचारायचं असेल तर ते डॉक्टरांनाच विचारा. मी बोलणार आहे ते एका प्रश्नाच्या इतिहासाबद्दल.

रक्तात काय काय असतं, हे आज शाळेतला मुलगा पाठ म्हणून दाखवतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका, रक्तद्रव. पण ‘रक्तात काय आहे?’ हा प्रश्न माणसाला फार उशिरा सुचला. त्याच्या कितीतरी आधीपासून तो दुसराच प्रश्न विचारत आला आहे : हे रक्त कोणाचं? कोणत्या कुळाचं, कोणत्या जातीचं, कोणत्या वंशाचं? आपली भाषाच बघा. आपण रक्ताचं नातं म्हणतो. मुलगा चांगला गायला लागला की ‘रक्तातच आहे त्याच्या’ म्हणतो. अपमान झाला की आपलं रक्त उसळतं, आणि मुलांसाठी आपण रक्ताचं पाणी करतो. या सगळ्या ठिकाणी रक्त म्हणजे ‘मी कोण’ याचा दाखला. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की रक्ताबद्दल खरं ज्ञान आणि खरा उपयोग जेव्हा जेव्हा हाती आला, तेव्हा तो ‘कोणाचं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘काय’ आणि ‘किती’ हे विचारल्यामुळे आला. आणि तरीही तो पहिला प्रश्न पुन्हा पुन्हा मागच्या दाराने आत शिरत राहिला.

सुरुवात गॅलेनपासून करू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य, रोमच्या सम्राटांचा चिकित्सक. धमन्यांमध्ये हवा नसून रक्त असतं, हे त्याने प्रयोगाने दाखवलं. पण रक्त तयार कसं होतं, याचं त्याचं उत्तर असं की खाल्लेल्या अन्नापासून यकृत सतत नवीन रक्त बनवतं, ते शिरांवाटे शरीरभर जातं आणि शरीर ते वापरून संपवतं. शेतात पाटाचं पाणी सोडावं आणि ते जमिनीत जिरावं, तसं. आपल्याकडे आयुर्वेदातही रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र अशी सात धातूंची परंपरा आहे. सुश्रुतांच्या मते यकृत आणि प्लीहा यांच्या ठिकाणी रंजक पित्तामुळे रसाला लाल रंग येतो आणि त्याचं रक्त होतं. दोन दूरच्या परंपरा, पण दोघींची कल्पना एकच : अन्नाचं रूपांतर होत होत रक्त बनतं. तर्क म्हणून ही कल्पना मुळीच वेडगळ नव्हती. माणूस उपाशी राहिला की फिकट पडतो, हे कोणालाही दिसत होतं.

गॅलेनच्या व्यवस्थेत एक अडचण होती. हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त डावीकडे जातं कसं? त्याने सांगितलं, मधल्या पडद्याला बारीक छिद्रं आहेत. ती कोणालाच दिसत नव्हती, पण पुढे हजार वर्षं ती आहेत असं धरून सगळं चाललं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने स्पष्ट लिहिलं, हा पडदा घट्ट आहे, त्यात छिद्रं नाहीत. रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं. पण हा विचार युरोपात लगेच रुजला नाही.

मग येतो विल्यम हार्वे. इंग्लंडचा, पण शिकलेला इटलीतल्या पाडुआला. तिथे त्याच्या गुरूने, फॅब्रिशियसने, शिरांमधल्या झडपा दाखवल्या होत्या. हार्वेचं लहानसं लॅटिन पुस्तक १६२८ साली फ्रँकफर्टला छापलं गेलं. त्यातला सगळ्यांत जबरदस्त युक्तिवाद कोणता असेल? साधा गुणाकार!

आता बघा. हार्वे म्हणतो, हृदयाचा एक ठोका पडला की समजा अर्धा औंस रक्त बाहेर पडतं. त्याने मुद्दाम कमी आकडा धरला. हृदय अर्ध्या तासात निदान हजार ठोके देतं. म्हणजे अर्ध्या तासात पाचशे औंस, आपल्या मापाने चौदा-पंधरा किलो रक्त. दिवसाचा हिशेब केला तर जवळजवळ सातशे किलो. इतकं रक्त रोज बनवायला माणूस खातो किती? पितो किती? ज्या शरीराचं वजनच साठ-सत्तर किलो, ते दिवसाला सातशे किलो रक्त बनवून संपवेल कसं? तेव्हा एकच मार्ग उरतो : तेच रक्त पुन्हा पुन्हा येत असलं पाहिजे. ते जिरत नाही, फिरतं.

आजच्या मोजमापाने विश्रांतीत असताना दर ठोक्याला साधारण सत्तर मिलिलीटर रक्त बाहेर पडतं आणि मिनिटाला सुमारे पाच लीटर. प्रौढ माणसाच्या अंगात रक्तही साधारण पाचच लीटर. म्हणजे मी हे वाक्य बोलून पुढचं बोलेपर्यंत तुमच्या रक्ताची फेरी पुरी होत आली.

हार्वेच्या विचारातही एक फट होती. धमन्यांतून गेलेलं रक्त शिरांत येतं कुठून? ते त्याने पाहिलं नव्हतं. १६५७ साली तो गेला आणि १६६१ साली मार्चेल्लो माल्पिघीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केसांहून बारीक नळ्या दिसल्या. केशवाहिन्या. अदृश्य छिद्रं गॅलेननेही मानली होती आणि न दिसलेले मार्ग हार्वेनेही. मग फरक काय? माझे विद्यार्थी हे नेहमी विचारत. फरक असा की गॅलेनची छिद्रं त्याची व्यवस्था सांभाळण्यासाठी आली होती, तर हार्वेचे मार्ग हिशेबातून निघाले होते. दंडाला पट्टी आवळून शीर कशी फुगते, कुठून भरते आणि कुठून भरत नाही, हे तो कोणालाही करून बघायला सांगत होता.

आमच्या देकार्तचाही इथे उल्लेख करायला हवा. १६३७ च्या आपल्या पुस्तकात त्याने इंग्लंडच्या या वैद्याचं कौतुक केलं, अभिसरण मान्य केलं. पण हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं, हे मात्र मानलं नाही. त्याच्या मते हृदयातल्या उष्णतेने रक्त फुगतं आणि बाहेर पडतं. सगळ्यावर संशय घ्यायला शिकवणारा हा माणूस इथे आपल्याच तत्त्वावर संशय घ्यायला विसरला. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी हे उदाहरण गाठीशी बांधून ठेवावं.

रक्त फिरतं म्हटल्यावर पुढचा विचार ओघानेच आला : मग ते एकाचं दुसऱ्याला देता येईल का? १६६७ साली पॅरिसमध्ये झाँ-बातिस्त दनी या वैद्याने कोकराचं रक्त माणसाला दिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्यापुढे अँत्वान मोरुआ नावाचा एक वेडसर, हिंसक माणूस आणला गेला. दनीने त्याला वासराचं रक्त दिलं. वासराचंच का? तर वासरू गरीब. त्याच्या रक्ताबरोबर त्याचा शांतपणाही या माणसात उतरेल! दुसऱ्या वेळी रक्त दिल्यावर त्याला घाम फुटला, पाठ-कंबर दुखू लागली आणि लघवी काजळीसारखी काळी झाली. आज कोणताही डॉक्टर सांगेल की परक्या तांबड्या पेशी फुटत होत्या. पुढे तो माणूस मेला. न्यायालयात असं निघालं की त्याच्या बायकोनेच विष घातलं होतं. पण रक्त देण्यावर बंदी आली आणि युरोपात हा विषय जवळपास दीडशे वर्षं थंडावला. १८१८ साली लंडनच्या जेम्स ब्लंडेलने माणसाचंच रक्त माणसाला देऊन तो पुन्हा सुरू केला. बाळंतपणात रक्तस्रावाने जाणाऱ्या बायका त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. त्याला स्वभाव बदलायचा नव्हता, गेलेलं भरून काढायचं होतं. नुसता प्रश्न बदलला होता, पण केवढा बदलला बघा.

दरम्यान रक्ताचा थेंब भिंगाखाली गेला होता. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक याने १६७४ साली तांबड्या पेशींचं वर्णन केलं. १८५२ साली कार्ल फिरॉर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने त्या मोजल्या. एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कमी जागेत, सुमारे पन्नास लाख. १८६४ साली होप्पे-झायलरने रक्तातल्या लाल द्रव्याला ‘हिमोग्लोबिन’ हे नाव दिलं. १८८२ साली बिझोझेरो या इटालियन डॉक्टरने तिसरा घटक, बिंबिका, आणि त्यांचं रक्त गोठण्यातलं काम दाखवलं. बिंबिका म्हटल्यावर कोणी ओळखत नाही. पण डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ज्यांचा आकडा विचारला जातो, त्याच या प्लेटलेट.

तर रक्त म्हणजे थोडक्यात काय? निम्म्याहून थोडा जास्त भाग रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. उरलेल्यात प्रथिनं, क्षार, साखर, संप्रेरकं आणि शरीराने टाकलेला कचरा. बाकीचा भाग जवळजवळ सगळा तांबड्या पेशींचा. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा, पेशीपेशीला पोचवायचा आणि कार्बन डायऑक्साइड परत आणायला मदत करायची, हे त्यांचं काम. पांढऱ्या पेशींकडे संरक्षण. प्लेटलेट आणि रक्तद्रवातली काही प्रथिनं फुटलेली वाहिनी बुजवतात. शिवाय सगळ्या अंगाची उष्णता सारखी ठेवायची ती रक्तानेच.

तांबडी पेशी साधारण एकशेवीस दिवस जगते. म्हणजे चार महिन्यांपूर्वीच्या तांबड्या पेशींपैकी आज तुमच्या अंगात जवळजवळ एकही नाही. अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांवर नव्या पेशी घडवते. आणि आता एक गोष्ट नीट ऐका. शरीराच्या बहुतेक पेशींमध्ये केंद्रक असतं; आई-बापांकडून आलेला वारसा त्यात लिहिलेला असतो. पण माणसाची तयार झालेली तांबडी पेशी आपलं केंद्रक टाकून देते, प्राणवायूसाठी जास्त जागा व्हावी म्हणून. म्हणजे ज्या पेशीमुळे रक्त लाल दिसतं, ज्या लाल रंगावर आपण कुळाच्या शपथा घेतो, तिच्यातच कुळाचा वारसा लिहिलेला नाही. घराण्याची नोंद शोधायची तर पांढऱ्या पेशीकडे जावं लागतं. ‘रक्तातच आहे’ म्हणताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

ब्लंडेलनंतरही रक्त देणं हा जुगारच होता. कोणी वाचे, कोणी तडफडून मरे. याचं कारण १९०१ साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने दाखवलं. त्याने आपल्या आणि आपल्या सहकाऱ्यांच्या रक्तातला द्रव आणि पेशी वेगळ्या केल्या, एकाचा द्रव दुसऱ्याच्या पेशींत मिसळला आणि कोष्टक मांडलं. काही जोड्यांत गुठळ्या, काहींत नाहीत. त्यातून ए, बी आणि आज आपण ज्याला ओ म्हणतो ते गट निघाले; एबी पुढच्या वर्षी सापडला. ए आणि बी यांतला फरक तरी केवढा? पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंची साखळी असते, तिच्या टोकाला कोणती साखर बसली आहे एवढाच. जीव वाचणार की जाणार, हे त्यावर ठरतं.

आता वाटेल की ‘कोणाचं’ हा प्रश्न इथे संपला. तो संपला नाही. उलट त्याला नवं हत्यार मिळालं.

‘रक्ताची शुद्धता’ ही कल्पना कायद्यात फार आधी आली होती. स्पेनमधल्या टोलेडो शहरात १४४९ साली ज्यूंमधून ख्रिस्ती झालेल्यांना सरकारी पदं बंद केली गेली. धर्म बदलला तरी रक्त तेच, असा युक्तिवाद. आता शास्त्राकडे रक्तगट आल्यावर काहींना वाटलं, वंश मोजायची पट्टीच सापडली. पहिल्या महायुद्धात सॅलोनिकाच्या आघाडीवर लुडविक आणि हान्ना हिर्स्फेल्ड हे पोलिश डॉक्टर दांपत्य काम करत होतं. तिथे अनेक देशांचे सैनिक होते, आपले हिंदी सैनिकही. सोळा लोकसमूहांतल्या सुमारे आठ हजार माणसांचं रक्त त्यांनी तपासलं आणि १९१९ साली निष्कर्ष छापले. इंग्रजांत ए गट सुमारे ४३ टक्के, बी फक्त ७. हिंदी सैनिकांत ए १९ टक्के, बी ४१. यावरून त्यांनी ‘वांशिक निर्देशांक’ काढला.

पण त्याच कोष्टकात दुसरी गोष्टही स्पष्ट होती : चारही गट प्रत्येक समूहात होते. प्रमाण वेगळं, पण गट तेच. म्हणजे बी गटाच्या एखाद्या इंग्रज शिपायाला शेजारच्या तंबूतल्या ए गटाच्या गोऱ्या सोबत्याचं रक्त चाललं नसतं. बी गटाच्या हिंदी शिपायाचं चाललं असतं. एका आकडेवारीचे हे दोन अर्थ. जर्मनीत पहिला उचलला गेला. १९२६ साली रक्तगट आणि वंश यांच्या अभ्यासाची जर्मन संस्था निघाली. आणि १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांपैकी एकाच्या नावातच ‘जर्मन रक्त’ होतं. पण माणूस ज्यू आहे की नाही हे ठरवायला त्यांनी रक्त तपासलं का? नाही. तपासून काही कळलंच नसतं. त्यांनी आजी-आजोबांच्या धर्माची नोंद पाहिली. नाव रक्ताचं आणि पुरावा दप्तरातला! ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हिर्स्फेल्डना पुढे वॉर्साच्या घेट्टोत कोंडलं गेलं. तिथेही ते टायफसशी लढले, चोरून वैद्यकाची व्याख्यानं दिली आणि अखेर निसटले.

हे फक्त जर्मनीतच घडलं असं समजू नका. अमेरिकेत चार्ल्स ड्रू या कृष्णवर्णीय डॉक्टरने रक्तद्रव टिकवून साठवण्याच्या शास्त्रात मोठं काम केलं. १९४० साली ब्रिटनला रक्तद्रव पाठवण्याच्या योजनेचा तो प्रमुख होता. त्याच देशात रेडक्रॉसने १९४१ च्या अखेरीस युद्धासाठी कृष्णवर्णीयांचं रक्त घ्यायचंच नाही असं ठरवलं. आरडाओरडा झाल्यावर १९४२ मध्ये घ्यायला लागले, पण वेगळं ठेवायचं म्हणून. ड्रू यांनी याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही असं सांगितलं. १ एप्रिल १९५० रोजी मोटार अपघातात ते गेले. ते कृष्णवर्णीय म्हणून त्यांच्यावर उपचार केले नाहीत, अशी दंतकथा सांगतात. ती खरी नाही, डॉक्टरांनी शर्थ केली होती. पण रेडक्रॉसने रक्ताच्या पिशवीवरची वंशाची खूण काढली ती त्याच वर्षाच्या अखेरीस. ते पाहायला ड्रू नव्हते.

आता आपल्या परळला येऊ. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी इंग्लंडच्या शास्त्रज्ञांसह ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटा लेख छापला. के. ई. एम. रुग्णालय आणि तिथलं सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी हे संशोधन जोडलेलं आहे. असं रक्त त्यांना सापडलं होतं की जे नेहमीच्या तपासणीत ओ दिसे, पण ओ गटाच्या पेशींनाही गुठळ्या करी. आज जगभर त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. शहराचं नाव बदललं, गटाचं राहिलं.

यामागची मेख समजून घ्या. ए किंवा बीची साखर ज्या साखळीवर बसते, त्या पायाला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसात नुसता पाया असतो, वर मजला नाही. बॉम्बे गटात पायाच नसतो. त्यामुळे आई-बापांकडून ए किंवा बीचं जनुक आलं असलं तरी ते दिसून येत नाही. अशा माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर जीव जाऊ शकतो; त्याला फक्त त्याच गटाचं लागतं, आणि तो गट मुंबईच्या भागात साधारण दहा हजारांत एकाचा. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. एबी गटाच्या बापाचं मूल ओ असू शकत नाही, असं आपण शिकलो. पण मूल बॉम्बे गटाचं असेल तर साध्या तपासणीत ते ओच दिसणार. त्या कागदावरून कोणी बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं तर? रक्ताचं नातं तिथे पूर्ण खरं असतं. अपुरी असते ती तपासणी. म्हणून म्हणतो, रक्तगटाच्या कागदावरून कोणी कोणाचा न्याय करू नये.

शेवटी सिनेमाचं एक उदाहरण देतो. ‘अमर अकबर अँथनी’, १९७७. तीन धर्मांत वाढलेले तीन भाऊ एकाच वेळी आईला रक्त देतात. नळ्या अशा जोडत नाहीत, हे सोडा. तो प्रसंग आपल्याला आवडतो, कारण धर्म वेगळे पण रक्त एक. पण थांबा. ते एक आहे, कारण ते तिचे मुलगे आहेत! म्हणजे सिनेमाने धर्माची भिंत पाडली आणि कुळाची तशीच ठेवली. रक्तपेढीचं म्हणणं याच्या पुढचं आहे. जवळच्या नातेवाइकाचं रक्त द्यायची वेळ आली तर ते आधी किरणांनी भारून घेतात. का? नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी रोग्याच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की रोग्याचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतच नाही. मग त्या तिथेच राहतात, वाढतात आणि त्याच्यावर उलटतात. क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा प्राणघातक ठरतं. सख्ख्यांपेक्षा परका बरा, हे इथे अक्षरशः खरं आहे.

रक्तपेढीतली पिशवी कधी हातात घेऊन बघा. तिच्यावर गट असतो, तारीख असते, एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या तपासण्या झाल्याची नोंद असते. देणाऱ्याचं नाव, जात, धर्म, गाव घेणाऱ्याला कळत नाही. एका पिशवीतून तांबड्या पेशी एकाला, प्लेटलेट दुसऱ्याला, रक्तद्रव तिसऱ्याला जातो. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, म्हणून कोणीतरी या आठवड्यात द्यावं लागतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. १९९८ पासून आपल्या देशात रक्त विकत घेण्यावर बंदी आहे. त्यामुळे जे मिळतं ते दिलेलं असतं. या पिशवीपुढे ‘कोणाचं’ हा प्रश्न गप्प बसतो, कारण त्याचं उत्तर कोणाच्याच उपयोगाचं नसतं. ‘काय’ आणि ‘जुळतं का’, एवढेच दोन प्रश्न उरतात.

मी सत्तरी ओलांडली आहे. माझं रक्त आता पेढी घेत नाही. तुमच्यापैकी ज्यांचं घेतील त्यांनी द्यावं.